वजरी, अडकित्ता आणि चष्म्याचे दुकानदार

(१८ मे या संग्रहालय दिनानिमित्त आमच्या सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)



१८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात. संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजाची तलवार नाहीतर राणीचा हार येतो. मग वाटते, त्यात आपले काय? म्हणून आज आम्ही अशा एका माणसाची आठवण काढणार आहोत, ज्यांनी तलवारींबरोबर बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूही जपल्या. ते राजे नव्हते, सरदार नव्हते, सरकारी अधिकारीही नव्हते. पुण्यात चष्म्याचा धंदा करणारे व्यापारी होते. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ते गेले १७ एप्रिल १९९० रोजी. म्हणजे ९४ वर्षांचे भरले आयुष्य. पोटापाण्याचा धंदा चष्म्यांचा, पण मन एका धंद्यात मावणारे नव्हते. ते कविता करत, 'अज्ञातवासी' या नावाने. इतिहासाची आवड होती. आणि जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद तर असा लागला, की १९२० च्या सुमारास लागलेला तो नाद शेवटपर्यंत सुटला नाही.

आता नाद म्हटले की आपण बायका सावध होतो. धन्याला नाद लागला म्हणजे घरातला पैसा चालला, हे आपल्याला अनुभवाने माहीत असते. पण नादानादात फरक असतो. हा नाद कसला होता, ते समजून घ्यायला त्या काळचे पुणे डोळ्यांपुढे आणावे लागेल.

१८१८ साली पेशवाई बुडाली. पुढच्या शंभर वर्षांत जुन्या वाड्यांची रया गेली. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, चौक पडले, दरवाजे निखळले. त्याच काळात कारखान्यात बनलेला स्वस्त माल बाजारात आला. रॉकेलचा कंदील आला, काचेची चिमणी आली, पुढे वीज आली. समई देवघरापुरती उरली आणि लामणदिवा माळ्यावर गेला. जुने पितळ वजनावर मोडीत जाऊ लागले. मोडीत गेलेले पितळ वितळते, त्याची नवी घागर होते. पण त्या दिव्यावर कुणा कासाराने बसवलेला मोर मात्र पुन्हा होत नाही.

लोक ज्याला मोड म्हणत होते, ते दिनकरराव उचलून आणत होते. गावोगाव फिरत होते, बाजारात शोधत होते, घरोघरी विचारत होते. १९६० पर्यंत त्यांच्याकडे १५ हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. आज पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत, हे संग्रहालय आहे. तिथल्या वस्तूंची संख्या २० हजारांच्या वर गेली आहे. त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडून ठेवलेल्या आहेत.

काय आहे तिथे? दिवे आहेत, किती तऱ्हेचे म्हणून सांगावे. हत्तीवरचे, मोराचे, टांगायचे, उभे. कोरीव दरवाजे आणि खिडक्या आहेत. कुलपे, दौती, वाद्ये, खेळणी, चित्रकथीची चित्रे आहेत. कोथरूडला मस्तानीचा महाल होता, त्याचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. पण मैत्रिणींनो, आपण जास्त वेळ थबकतो ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांपाशी, कुंकवाच्या करंड्यांपाशी, अडकित्त्यांपाशी आणि वजऱ्यांपाशी.

वजरी म्हणजे काय, हे आता पोरींना सांगावे लागते. आंघोळीच्या वेळी पाय घासायची धातूची वस्तू. खालची बाजू खरखरीत, म्हणजे टाचेची मळलेली, भेगाळलेली कातडी निघावी. हातात धरायला वरच्या बाजूला काहीतरी उंचवटा हवा, एवढीच गरज. साधी मूठ चालली असती. पण तिथे पोपट आहे, मोर आहे, घोडा आहे. एखादीच्या पोटात घुंगराचे खडे, म्हणजे पाय घासता घासता ती वाजावी. विचार करा. दिवसभर मातीत, शेणात, पाण्यात राबलेले पाय. ते धुवायचा दोन घटकांचा वेळ. तेवढ्या वेळात त्या बाईच्या हातात एक पोपट असावा, असे घडवणाऱ्याला वाटले आणि घेणाऱ्यालाही वाटले.

अडकित्त्याचेही तसेच. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. पण कुणी त्याचा घोडा केला, कुणी राघू केला, कुणी नवराबायकोची जोडी केली. खवणी घ्या, दिवा घ्या, करंडा घ्या. कामापुरते करून कुणी थांबले नाही.

आम्हाला वाटते, दिनकररावांच्या कामाचे मोठेपण इथे आहे. किल्ल्यांचा आणि लढायांचा इतिहास सांगणारे पुष्कळ होते. पण साध्या माणसांनासुद्धा काही सुंदर हवे असते, राबणाऱ्या हातांनाही हौस असते, याचा पुरावा कोण ठेवणार? तो बखरीत नाही. सनदेत नाही. तो वजरीवरच्या पोपटात आहे. आणि तो पोपट शेरावर विकला जात असताना एका चष्म्याच्या दुकानदाराने तो उचलला.

आता घरातले बोलू. छंदाला पैसा लागतो. वस्तू विकत घ्यायच्या, प्रवास करायचा, आणलेले ठेवायचे कुठे हाही प्रश्नच. धंद्याची कमाई या कामात जात राहिली. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी त्यांना साथ दिली, असे या संग्रहालयाची हकीकत सांगणारे सगळे सांगतात. 'साथ दिली' हे दोन शब्द. त्या दोन शब्दांत काय काय असते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. घरात एक समई आली तर ती कोण घासते? इथे तर हजारो वस्तू आल्या. त्या पुसायच्या, ठेवायच्या, बघायला येणाऱ्यांना पाणी विचारायचे, आणि महिन्याच्या खर्चात एखाद्या अडकित्त्याची भर पडली तर तेही धरून घर चालवायचे. दारावरच्या पाटीवर एकाचे नाव असले, तरी असे काम एकट्याचे कधीच नसते. म्हणून आम्ही आज दिनकररावांबरोबर कमलाबाईंचेही नाव मुद्दाम घेतो.

या संग्रहालयाचे पूर्ण नाव आहे राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुष्कळांना वाटते, राजा म्हणजे कुणी संस्थानिक. तसे नाही. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच, सात वर्षांचा असताना गेला. आईबापांनी एवढा संग्रह उभा केला आणि त्याला आपल्या लेकराचे नाव दिले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. तुकड्यातुकड्याने विकला असता तर पैसा झाला असता. पण मग तो एका ठिकाणी राहिला नसता, आणि तुम्हा-आम्हाला तिकीट काढून बघता आला नसता. सात वर्षांच्या मुलाचे नाव आज पुण्यातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. माणूस गेला तरी नाव राहावे, यासाठी आईबापांनी केलेली ही सोय आहे.

आणि नावाची गोष्ट निघाली, म्हणून जरा थांबून एक बोलायचे आहे.

संग्रहालयात वस्तूंखाली चिठ्ठ्या असतात. वस्तू कोणती, कशाची, कुठली, कोणत्या काळातली, एवढे त्यावर असते. दिवा, पितळ, महाराष्ट्र, अमुक शतक. पण ही वजरी कुणाच्या मोरीत होती? या खवणीवर किती लग्नांचे नारळ खवले गेले? हा करंडा कुणी कुणाला दिला? ते नसते. आम्ही दोष देत नाही. दिनकररावांच्या हाती वस्तू आली तोपर्यंत ती दोन-चार हातांतून फिरलेली असणार. मोडीच्या दुकानात कुणी सांगत नाही की ही आमच्या आत्याबाईंची. पण होते काय, की वस्तू वाचते आणि बाई हरवते.

बाईचे नाव राखता येते का? येते. आपल्याच महाराष्ट्रात त्याचे उदाहरण आहे. जात्यावरच्या ओव्या आपण सगळ्यांनी ऐकलेल्या आहेत. गिरणी आली तशी जाती थांबली आणि ओव्याही विसरायला लागल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. त्यांनी नुसती ओवी लिहून घेतली नाही. ती कुणी गायली, तिचे नाव काय, गाव कोणते, हेही लिहिले. त्यामुळे आज ती ओवी 'लोकगीत, कवी माहीत नाही' अशी पडून नाही. ती मुळशीच्या, मावळच्या, आणखी कुठकुठल्या गावच्या एका बाईची म्हणून ओळखली जाते. ओवीच्या बाबतीत जे झाले, ते भांड्यांच्या बाबतीत व्हायला काय हरकत आहे?

आमच्या गटाने मागच्या बैठकीत एक साधे काम केले. प्रत्येकीला सांगितले, घरातली सगळ्यात जुनी वस्तू घेऊन या. कुणी आणले मापटे, कुणी रवी, कुणी शेवयांचा पाट, कुणी पानाची चंची. एकीने सासूबाईंच्या सासूबाईंची गोधडी आणली. एकीने तांब्याचा हंडा आणला. तो चिंच लावून घासला तेव्हा काठाखाली अक्षरे दिसली. तुम्हाला ठाऊकच आहे, भांड्यावर नाव घालायची आपली जुनी रीत. लग्नाच्या बाजारात नाव घालणारा बसतो आणि छिन्नीने टकटक करून नाव घालून देतो. त्या हंड्यावर दोन नावे होती, देणारीचे आणि घेणारीचे. मामीने भाचीला लग्नात दिलेला हंडा. दोघींना जाऊन खूप वर्षे झाली.

त्यावर आमच्यात बोलणे निघाले. या दोघींची नावे आणखी कुठे असतील? सातबाऱ्यावर नाहीत. घराच्या उताऱ्यावर नाहीत. शाळेच्या दाखल्यावर असायचा प्रश्नच नाही, शाळा पाहिलीच नव्हती. फोटोही नाही. म्हणजे त्या दोघी होऊन गेल्या याचा लेखी पुरावा काय, तर एका हंड्याचा काठ. आणि तो हंडा त्याच आठवड्यात मोडीत जायचा होता.

का जायचा होता, तेही सांगतो. लेकीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. यात लाजण्यासारखे काही नाही. पितळ-तांबे ही आपली जुनी बँकच आहे. अडीनडीला भांडे गहाण टाकावे, नाहीतर विकावे, हे आपल्या आजीनेही केले आणि तिच्या आजीनेही. जुने जपा म्हणून शहरात सांगणे सोपे असते. दुष्काळी गावात पाण्याच्या टँकरला पैसे द्यायचे असतात तेव्हा माळ्यावरचा हंडा आठवणारच. म्हणून आम्ही कुणाला 'विकू नका' असे सांगणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो, विकण्याआधी त्या वस्तूतले जे भंगारवाल्याला विकत घेता येत नाही, ते आपल्याकडे काढून ठेवा. त्या हंड्याचे शेवटी काय झाले, ते ज्या घरचा त्या घराने ठरवले. पण नावे आमच्या वहीत उतरली.

तर हे काम तुमच्या गटात कसे करायचे, ते नीट सांगतो. खर्च एका वहीचा.

पहिले काम नोंदीचे. दोनशे पानी वही घ्या. एका वस्तूला एक पान. वस्तूचे नाव लिहा, आणि पुस्तकातले नाव न लिहिता आपल्या घरात जे म्हणतात तेच लिहा. कशाची आहे, किती मोठी आहे, कशासाठी वापरत होते. मग सगळ्यात महत्त्वाचे. कुणाची होती, ती कोणत्या गावाहून आली, कुणी दिली, आता कुणाकडे आहे. सांगणारीचे नाव आणि तारीख. मोबाइलवर फोटो काढा, एक समोरून आणि एक जवळून. अक्षरे असतील तर ती तिरप्या उजेडात चांगली दिसतात. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरींना बसवा. आजी सांगेल, नात लिहील. म्हाताऱ्या बाया आहेत तोवर हे करा. वस्तू माळ्यावर दहा वर्षे थांबेल, सांगणारी थांबेलच असे नाही.

दुसरे काम राखण्याचे. जुनी नक्षी असलेले भांडे तारेच्या घासणीने खसाखसा घासू नका, ॲसिड तर लावूच नका, नक्षी आणि अक्षरे झिजतात. चिंच लावून हलक्या हाताने चोळा, धुवा आणि लगेच कोरडे करा. लाकडी वस्तूला ओल आणि वाळवी हे दोन शत्रू, ती जमिनीला टेकवून ठेवू नका. जुने लुगडे, खण, गोधडी यांची घडी वर्षातून दोनदा मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवर कापड विरते. मऊ सुती फडक्यात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. आणि हो, जुने पितळ पुन्हा स्वयंपाकात वापरणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. बिनकल्हईच्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचे काही ठेवू नये.

तिसरे काम सावधपणाचे. गावोगाव फिरून जुन्या वस्तू विचारणारे लोक येतात. सगळे काही दिनकररावांसारखे नसतात. भांडे वजनावर देण्याआधी त्याचे काम किती बारीक आहे ते बघा, कोरीव कामाचा भाव धातूच्या वजनापेक्षा जास्त असतो. आणि मूर्तीच्या बाबतीत तर कायदाच आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव काम अशा वस्तू पुरावशेष ठरतात. खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात नांगरताना मूर्ती, नाणी, हंडा सापडला तर गुपचूप विकू नका, तहसील कचेरीत कळवा.

एवढे झाले की वर्षातून एक दिवस शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळ्या वस्तू मांडा. दुसऱ्या दिवशी ज्याची त्याने घरी न्यावी. शेजारी चिठ्ठी लावा. नुसते 'मापटे, लाकूड' असे लिहू नका. अमक्या वाडीच्या अमक्या आजींचे मापटे, यानेच त्या सुगीत बलुतेदारांना धान्य मापून देत, असे लिहा. पोरे वाचतील. बाप्येही वाचतील. आपल्या घरात आजी नावाची बाई होती, तिचे एक नाव होते, हे कळेल.

शेवटी छंदाबद्दल एक गोष्ट. दिनकररावांनी धंदा सांभाळून कविता केल्या, इतिहास धुंडाळला, संग्रह केला. लोक त्याला छंद म्हणतात आणि कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण आपल्यातली एखादी दुपारी अर्धा तास गोधडीला टाके घालत बसली, की तिला काय ऐकू येते? 'कामं नाहीत वाटतं.' मैत्रिणींनो, दिनकररावांनी ज्या वस्तू आयुष्यभर शोधल्या, त्या आल्या कुठून? कुणीतरी कामापुरते करून न थांबता जास्तीचा वेळ दिला, म्हणून त्या घडल्या. घडवणाऱ्यांनी हौस केली, म्हणून जमवणाऱ्याला हौस करता आली. तुमचा टाका, तुमची रांगोळी, तुमचे गाणे हेही त्यातलेच आहे. ते करताना चोरून बसू नका. आणि गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात दोऱ्याने आपले नाव आणि साल घाला. भांड्यावर घालतो, तसेच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने एक वस्तू आणि तिची गोष्ट घेऊन यावी. ज्या गटांची वही सुरू होईल, त्यांनी आम्हाला निरोप द्यावा. आम्ही येऊ, आणि वस्तूंच्या मालकिणींचे आवाज या रेडिओवर ऐकवू, त्यांच्या पूर्ण नावानिशी.